बीचवर गाडी घातली, रील काढली, घरी आलो... पण चेसीला लागलेल्या मिठाचं काय?

जून २०२४ मधला तो व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. गुजरातच्या कच्छ जिल्ह्यात, मुंद्र्याजवळ दोन थार समुद्रात अडकलेल्या. चाकं वाळूत रुतलेली आणि लाटा गाडीवर आदळतायत. रील काढायच्या नादात गाड्या पाण्यात घातल्या होत्या. शेवटी गावकऱ्यांच्या मदतीने त्या बाहेर निघाल्या. पोलिसांनी गाड्या जप्त केल्या, गुन्हाही दाखल केला.

हे फक्त कच्छमध्येच होतं असं नाही. सुट्ट्या लागल्या की अलिबाग, दापोली, गुहागरकडून अशा बातम्या येतातच. बीचवर घातलेली गाडी रुतली, भरती आली, मग ट्रॅक्टर नाहीतर जेसीबी बोलवावा लागला.

आता यात नाशिकचा काय संबंध? एक तर थार ही आपल्या नाशिकची गाडी, महिंद्राच्या इथल्याच कारखान्यात ती तयार होते. दुसरं म्हणजे आपल्याकडे गोदावरी आहे, समुद्र नाही. त्यामुळे त्र्यंबक-जव्हारमार्गे डहाणू-बोर्डी गाठली किंवा कसारा घाट उतरून अलिबागला गेलो, की समुद्र बघून आपला उत्साह जरा जास्तच असतो. गाडी पार लाटेजवळ नेऊन फोटो काढावासा वाटतो.

समजा गाडी अडकली नाही. फोटो मस्त आला, रात्री हॉटेलवर गेलो, दुसऱ्या दिवशी नाशिकला परत. म्हणजे काहीच नुकसान झालं नाही ना?

तर झालंय. फक्त ते दिसायला एक-दोन पावसाळे जातात. गाडीच्या पोटाखाली चिकटलेलं मीठ घाट चढून आपल्यासोबत घरी येतं आणि पार्किंगमध्ये उभ्या गाडीतही काम करत राहतं. ते नेमकं काय करतं, कुठे लपतं आणि कसं काढायचं, हेच आज समजून घेऊया.

आधी हे बघू, गाडी रुतते कशी?

किनाऱ्यावरची सगळी वाळू सारखी नसते. रस्त्याच्या बाजूची, सुरूच्या झाडांजवळची वाळू कोरडी आणि भुसभुशीत असते. तिच्या कणांना धरून ठेवणारं काही नसतं. चाक फिरलं की ती मागे उडते आणि चाक खाली जातं.

त्याच्या पुढे भरतीच्या पाण्याने भिजून गेलेला पट्टा असतो. तिथे कणांमध्ये थोडं पाणी असतं आणि ते कणांना एकमेकांशी बांधून ठेवतं. ही वाळू घट्ट लागते. लहानपणी वाळूचा किल्ला आपण याच वाळूचा करायचो.

पण अगदी लाटेजवळ गेलात की खेळ बदलतो. तिथे कणांमधली सगळी जागा पाण्याने भरलेली असते. वरून घट्ट दिसते, पण गाडीचं दीड-दोन टन वजन पडलं आणि चाक जागच्या जागी फिरलं की तिचा चिखल होतो. ओढे आणि खाड्या समुद्राला मिळतात तिथे तर हा धोका अजून जास्त.

'आपली फोर बाय फोर आहे' या भरवशावर राहू नका. एक तर सगळ्या थार फोर बाय फोर नसतात. २०२३ पासून ती फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही मिळते. आणि फोर बाय फोर असली तरी वाळूत मुद्दा टायरचा असतो. वाळवंटात गाडी चालवणारे टायरची हवा १५ ते २० पीएसआयपर्यंत उतरवतात. त्याने टायर पसरतो, वजन जास्त जागेवर विभागलं जातं आणि चाक कमी रुततं. रस्त्याच्या ३०-३५ पीएसआय हवेवर तीच गाडी वाळूत सुरीसारखी घुसते.

रुतलीच तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसू नका, गाडी अजून खाली जाते. माणसं उतरवा, चाकांपुढची वाळू हाताने काढा, हवा कमी करा, चाकाखाली फूटमॅट किंवा फळी द्या आणि आलेल्या मार्गानेच हळू रिव्हर्स घ्या. रस्त्यावर आल्यावर हवा परत भरल्याशिवाय वेगात गाडी चालवायची नाही. दोन प्रयत्नांत निघाली नाही, तर लगेच गावातल्या लोकांना बोलवा, कारण पुढचा प्रश्न वेळेचा असतो.

पौर्णिमेची संध्याकाळ सगळ्यात फसवी

भरतीचा अंदाज बांधायची एक जुनी पद्धत आपल्याकडे आहे आणि त्याला मोबाइल लागत नाही, कालनिर्णय पुरतं. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं. येईल ते उत्तर म्हणजे भरतीची साधारण वेळ.

चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. भरती तीनच्या सुमाराला, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहाच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे साधारण सव्वाअकरा. ओहोटी त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी. हा अंदाज ढोबळ आहे, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघायची.

आता पौर्णिमेचं गणित बघा. संध्याकाळी पाच-साडेपाचला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला उधाण असतं, म्हणजे पाणी जितकं जास्त आत येतं, तितकंच ओहोटीला जास्त बाहेर जातं. त्यामुळे सूर्यास्ताला आलेल्या पर्यटकाला किनारा मैदानासारखा मोठा दिसतो. 'पाणी किती लांब आहे' असं म्हणत तो गाडी खाली उतरवतो, फोटो होतात, कोणीतरी म्हणतं इथेच बसू. रात्री अकराला तिथेच उधाणाची भरती असते.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर गेला असाल तर हे पटकन कळेल. ओहोटीला चालत जायची वाट भरतीला पाण्याखाली जाते. गाडी लावलेल्या जागेचंही तेच होतं.

मीठ लोखंडाचं नेमकं काय करतं?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भाग आपलं नेहमीचं मीठ. म्हणजे पंधरा लिटरची एक बादली घेतली तर त्यात अर्धा किलोच्या वर क्षार.

लोखंड गंजायला दोन गोष्टी पुरतात, पाणी आणि ऑक्सिजन. मग मिठाचं काम काय? गंजणं ही विजेच्या प्रवाहासारखी प्रक्रिया आहे. लोखंडाच्या एका जागेवरून इलेक्ट्रॉन निघतात आणि दुसऱ्या जागेवर वापरले जातात. वर्तुळ पूर्ण व्हायला मधल्या पाण्यातून विद्युतभार वाहावा लागतो. साध्या पाण्यातून तो नीट वाहत नाही, खाऱ्या पाण्यातून सहज वाहतो. म्हणून खाऱ्या पाण्यात गंज वेगाने चढतो.

मिठातलं क्लोराइड आणखी एक उद्योग करतं. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील यांच्यावर नैसर्गिकरीत्या एक पातळ संरक्षक थर असतो. क्लोराइड त्या थराला बारीक भोकं पाडतं. अलॉय व्हीलवर पांढरे डाग पडतात आणि पुढे खड्डे दिसतात, त्यामागे हेच कारण असतं.

'पण नव्या गाडीला तर गंजविरोधी कोटिंग असतं ना?' असतं. आजकालच्या गाड्यांच्या बॉडीला रंगाआधी विजेच्या साहाय्याने एक प्रायमर बसवतात आणि बऱ्याच ठिकाणी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरतात. प्रश्न ओरखड्यांचा आहे. वाळू म्हणजे पॉलिशपेपरच. चाकाने उडवलेली वाळू मडगार्डच्या आतल्या बाजूला आणि चेसीच्या कडांना घासते. कोटिंग जिथे उडालं, तिथे मीठ थेट लोखंडाला भेटतं. पुढे गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आजूबाजूचा रंगही फुगतो आणि पापुद्रे सुटतात.

नाशिकची हवा कोरडी, मग भीती कसली?

इथेच बहुतेकांची चूक होते. घाट चढून वर आलो, गाडी वाळली, आता काय होणार?

घरातल्या मिठाच्या बरणीकडे बघा. उन्हाळ्यात मीठ मोकळं असतं आणि पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं. बरणीत कोणी पाणी घातलेलं नसतं, मीठच हवेतला ओलावा ओढून घेतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की साधं मीठ विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते त्याहून हावरट. त्याला साधारण ३३ टक्के आर्द्रताही पुरते.

म्हणजे चेसीवर सुकलेलं मीठ हिवाळ्यातल्या दुपारी शांत असतं. पहाटे दव पडलं की ते ओलं होतं. आणि जूनमध्ये नाशिकला पाऊस सुरू झाला की चार महिने ते ओलंच राहतं. डिसेंबरात बोर्डीला केलेल्या मजेचा हिशोब पुढच्या पावसाळ्यात सुरू होतो.

कोणी म्हणेल, पावसात मीठ धुऊन जाईल की. उघड्या भागावरचं बरंचसं जातं. पण चेसीच्या आत, बंपरच्या मागे, मडगार्डच्या कोपऱ्यात वाळूच्या गोळ्यासोबत बसलेलं मीठ जात नाही. तिथे पाऊस फक्त ओलावा पुरवतो.

मीठ एखाद्या गाडीचं किती वाटोळं करू शकतं, हे अमेरिकेत दिसतं. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. गाड्या समुद्रावर न जाताही खारट होतात. टोयोटाच्या टॅकोमा, टुंड्रा आणि सिक्वोया या गाड्यांच्या चेसीला गंजून भोकं पडल्याच्या तक्रारींवरून तिथे खटला चालला. २०१६ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता तडजोड केली. सुमारे १५ लाख गाड्या त्यात होत्या आणि तडजोडीची रक्कम ३४० कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकेल असा अंदाज होता.

मीठ लपतं कुठे?

थार, स्कॉर्पिओ, बोलेरो यांसारख्या गाड्या शिडीसारख्या चेसीवर बांधलेल्या असतात. या चेसीचे दोन लांब दांडे आतून पोकळ असतात आणि त्यांना जागोजागी भोकं असतात. खारं पाणी आणि वाळू त्या भोकांतून आत जाते. बाहेरून चेसी काळीभोर दिसते, आतून पत्रा सडत असतो.

हॅचबॅक किंवा सेडान असेल तर दरवाज्याखालचा पट्टा आणि चाकांच्या वरच्या कमानीची आतली कड या धोक्याच्या जागा.

ब्रेकचं वेगळंच प्रकरण आहे. डिस्कवर एका रात्रीत नारिंगी थर येतो, तो ब्रेक दाबला की निघून जातो, त्याची काळजी नाही. काळजी कॅलिपरच्या पिनांची, मागच्या ड्रमची आणि ब्रेक ऑइल नेणाऱ्या लोखंडी नळ्यांची. नळी गंजून फुटली तर घाटात उतरताना काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

चाकांची बेअरिंग आणि मागच्या अ‍ॅक्सलमधला डिफरन्शियल हे आणखी दोन बळी. लांबून चालवत आणलेली गाडी गरम असते. ती तशीच पाण्यात घातली की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि सीलमधून किंवा ब्रीदरमधून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. नंतर ऑइल काढलं तर ते दूध घातलेल्या चहासारखं निघतं.

शिवाय वायरिंग. एबीएसचे सेन्सर चाकाजवळच असतात. कनेक्टरमध्ये खारं पाणी गेलं की तांब्यावर हिरवट थर येतो आणि काही महिन्यांनी डॅशबोर्डवर एखादा दिवा विनाकारण पेटायला लागतो.

आणि एक जागा कोणाच्याच लक्षात येत नाही, ती म्हणजे गाडीचा आतला भाग. समुद्रात डुंबून आलेली पोरं ओल्या कपड्यांनी सीटवर बसतात, पायांची वाळू कार्पेटवर पडते. कार्पेटच्या खाली पत्राच असतो. म्हणजे गाडी रस्त्यावर पार्क केली तरी थोडं मीठ घरी येतंच.

मग धुवायची कशी?

पहिला नियम, त्याच दिवशी. नाशिकला येऊन रविवारी धुऊ असं नको. शक्यतो किनारा सोडायच्या आधीच एक वॉश करून घ्या. फक्त पाणी गोडं आहे ना, ते बघा. किनाऱ्यालगतच्या काही विहिरी आणि बोअरचं पाणी मचूळ असतं. त्याने धुतली तर मीठ काढून मीठच लावल्यासारखं.

दुसरा नियम, फोमला भुलू नका. वरून पांढरा फेस मारून गाडी चकाचक होते, पण मीठ खाली असतं. वॉशिंग सेंटरवर स्पष्ट सांगा, गाडी रॅम्पवर घ्या आणि खालून साध्या पाण्याने भरपूर वेळ धुवा. मीठ पाण्यात सहज विरघळतं, त्याला महागडं केमिकल लागत नाही. लागतं ते भरपूर पाणी आणि वेळ.

क्रम असा ठेवा.

१. ब्रेक आणि इंजिन थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी नको.

२. बॉडीवर आधी नुसतं पाणी सोडा आणि वाळू वाहून जाऊ द्या. वाळू असताना फडकं फिरवलंत तर रंगावर ओरखडे पक्के.

३. स्टेअरिंग आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला पूर्ण वळवून चाकांच्या मागच्या जागा धुवा. मडगार्डच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. वाळू हाताला लागत असेल तर काम झालेलं नाही.

४. चेसीच्या भोकांत पाण्याचा पाइप धरा आणि दुसऱ्या बाजूने स्वच्छ पाणी येईपर्यंत थांबा. बंपरच्या मागची बाजू, फूटस्टेप, टो हुक, स्टेपनीची जागा, स्प्रिंग आणि शॉकअप्सही धुवा.

५. रेडिएटरवर हलक्या धारेने पाणी सोडा. जोरदार प्रेशरने त्याच्या बारीक पट्ट्या वाकतात. बेअरिंगच्या सीलवर, कनेक्टरवर आणि इंजिनच्या वायरिंगवर थेट प्रेशर मारू देऊ नका.

६. दरवाज्यांच्या खालच्या बाजूला पाणी निचरायची लहान भोकं असतात. वाळूने बुजली असतील तर मोकळी करा. आत पाणी साठलं की दरवाजा आतून सडतो.

७. फूटमॅट बाहेर काढून धुवा, कार्पेट व्हॅक्यूम करा, ओलं असेल तर दरवाजे उघडे ठेवून पूर्ण वाळवा.

८. शेवटी गाडी दोन-तीन किलोमीटर फिरवा, अधूनमधून हलका ब्रेक दाबा. ब्रेक वाळतात. त्या रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटू शकतात. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

घरी आल्यावर आठवड्याभरात खालून अजून एक वॉश द्या. पहिल्यांदा कोपऱ्यात राहिलेलं मीठ दुसऱ्यांदा निघतं. पाणी अ‍ॅक्सलपर्यंत गेलं असेल तर मेकॅनिककडून डिफरन्शियलचं ऑइल तपासून घ्या आणि बेअरिंगचा आवाज बघायला सांगा.

'साहेब, खालून डिझेल मारून देऊ का?'

हा प्रश्न आपल्याकडे वॉशिंग सेंटरवर हमखास येतो. डिझेल किंवा जळकं ऑइल चेसीवर फवारलं की गाडी खालून काळी चमकते आणि मालक खूश.

पण मीठ डिझेलमध्ये विरघळत नाही. आधी नीट न धुता डिझेल मारलं तर मीठ तिथेच राहतं. शिवाय डिझेलने सस्पेन्शनचे रबरी बुश आणि होस फुगतात, खराब होतात. त्यावर धूळ चिकटून बसते ती वेगळीच. आणि ते सगळं शेवटी गटारात जातं.

अँटी-रस्ट कोटिंगचंही असंच आहे. कोटिंग उपयोगी आहे, पण ते स्वच्छ आणि पूर्ण वाळलेल्या पत्र्यावर लावलं तरच. मीठ आणि ओलावा आत ठेवून वरून जाड रबरी थर दिला, तर तो थर गंजाला झाकून ठेवतो आणि खालचा पत्रा निवांत सडत राहतो. म्हणून कोटिंग करायचं तर समुद्रावर जायच्या आधी. पोकळ चेसीच्या आत मेणासारखा थर फवारतात, तो करून घेता आला तर उत्तम.

गाडी पाण्यात बुडालीच तर?

स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर पिस्टन पाण्याला दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, फोटो आणि व्हिडिओ काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टो करून न्या.

विम्याचं एक लक्षात ठेवा. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत गंज आणि झीज धरत नाहीत. पाणी गेलेलं इंजिन सुरू करायच्या प्रयत्नात झालेलं नुकसानही साधारणपणे वगळलेलं असतं, त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे वेगळं कव्हर घ्यावं लागतं. आपली पॉलिसी उघडून एकदा वाचा.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर जास्तच सावध. २०२२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला इयान चक्रीवादळ धडकलं तेव्हा खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांनी पाणी ओसरल्यानंतर पेट घेतला होता. बॅटरीत खारं पाणी गेलं की शॉर्टसर्किट नंतरही होऊ शकतं. अशी गाडी घराजवळ लावू नका आणि चार्जिंगला तर अजिबात नको.

सेकंडहँड गाडी घेताय? मग हे तुमच्यासाठी

तुम्ही कधीच बीचवर गाडी नेली नसेल, तरी हा विषय तुमचा आहे. किनाऱ्यावर राहिलेली गाडी खाऱ्या वाऱ्यानेच गंजते. अशा गाड्या पॉलिश होऊन आपल्याकडे विकायला येऊ शकतात.

म्हणून गाडी बघताना रंगावर जाऊ नका, ती रॅम्पवर घ्या. चेसीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बदबद आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर सावध व्हा. बूटमधलं कार्पेट उचलून स्टेपनीची जागा बघा. सीटचे नटबोल्ट आणि सीट सरकते ती पट्टी गंजलेली असेल, तर आत पाणी येऊन गेलंय. खालून ताजंताजं काळं कोटिंग दिसलं तर ते कशासाठी केलंय, हे नक्की विचारा.

मुळात गाडी घालायचीच कशाला?

जगात काही किनाऱ्यांवर गाडी चालवायला रीतसर परवानगी आहे. केरळात कन्नूरजवळ मुळप्पिलंगाड नावाचा सुमारे चार किलोमीटरचा किनारा आहे. तिथली वाळू घट्ट आहे, समुद्रातल्या खडकांमुळे लाटांचा जोर कमी होतो आणि पर्यटक रीतसर गाडी नेतात. ऑस्ट्रेलियात के'गारी बेटावरचा किनारा तर चक्क रस्ता म्हणून नोंदलेला आहे, त्यावर वेगमर्यादा आहे आणि भरतीच्या आगेमागे दोन तास गाडी न चालवण्याचा सल्ला दिला जातो.

आपल्याकडे तशी सोय नाही. गोव्यात बीचवर गाडी घातली तर पोलीस कारवाई करतात. बेदरकारपणे गाडी चालवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आणि रील हाच पुरावा असतो, तोही आपणच अपलोड केलेला.

किनारा फक्त पर्यटकांचा नाही. तिथे मुलं खेळत असतात, जाळी वाळत असतात. हर्णैला तर मासळी उतरवायला बैलगाड्या पाण्यात जातात. बैलाला गंज चढत नाही.

आणि कासवं असतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. २००२ पासून 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था आणि गावकरी मिळून ती अंडी जपतायत. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा अंडी घालण्याचा काळ, म्हणजे नेमका आपला ट्रिपचा मोसम. घरटं वाळूत हात-दीड हात खोल असतं आणि वरून काही कळत नाही. गाडी वरून गेली तर वाळू दबते. बाहेर पडलेलं पिल्लू तळहाताएवढंही नसतं. टायरची खोल चाकोरी त्याला ओलांडता येत नाही, ते तिच्यातच भरकटतं.

अमेरिकेत डेटोना बीचवर गाड्या चालवण्याची मोठी परंपरा आहे. तिथे १९९५ मध्ये चक्क लॉगरहेड कासवाच्या नावाने कोर्टात दावा दाखल झाला आणि रात्रीच्या वेळी किनाऱ्यावर गाड्या चालवण्यावर बंदी आली.

तर पुढच्या वेळी डहाणूला किंवा दापोलीला जाल, तेव्हा गाडी रस्त्यावर लावा आणि शंभर पावलं चालत जा. फोटोत मागे समुद्र तेवढाच छान दिसतो. परत निघताना पोरांचे पाय गोड्या पाण्याने धुवा, फूटमॅट झटका आणि घरी आल्यावर गाडी एकदा खालून धुऊन घ्या.

आणि या दिवाळीत कोकणात बीचवर गाडी घालून आलेला एखादा मित्र असेल, तर त्याला आजच फोन करा. वरून नाही, खालून धू म्हणावं.